तवे चार, लाटणारा एक



या महिन्याचा प्रश्न भंवरकुआंहून आला आहे. त्या चौकाला सरकारदरबारी आता टंट्या मामांचं नाव आहे, पण पत्ता सांगताना आपल्या तोंडी अजून भंवरकुआंच येतं. प्रश्न विचारणारा तिथेच खोली घेऊन राहतो आणि एमपीपीएससीची तयारी करतो. दिवसभर क्लास आणि लायब्ररी. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री नऊ ते अकरा, पाच भावंडं मिळून ‘डोटा २’ खेळतात. एक पुण्यात, एक बंगळुरात, एक बहीण नागपुरात, आणि इंदूरमध्ये हा आणि याचा मामेभाऊ. घरच्या लग्नकार्यातही पाचही जण एकत्र येणं कठीण झालंय, तेव्हा हे दोन तास त्यांच्यासाठी मोलाचे आहेत.

अडचण अशी की ऐन लढाईच्या वेळी याचा कॉम्प्युटर अडखळतो. डोटात एका बाजूला पाच जण असतात. त्यातला एक थिजला की उरलेले चार हरतात आणि मग ग्रुपवर चेष्टा सुरू होते. शेवटी शिकवण्यांचे पैसे साठवून त्याने एक छोटं ग्राफिक्स कार्ड घेतलं. चित्र सुंदर दिसू लागलं, पण लढाईत अडखळणं जिथल्या तिथे. दुकानदार म्हणाला, “भिया, ये कार्ड छोटा पड़ रहा है, ऊपर वाला ले जाओ.” बदलून द्यायला तो तयार होता, फरक मात्र नऊ हजारांचा आणि मुदत सात दिवसांची. नऊ हजार म्हणजे त्याच्या खोलीचा आणि मेसचा जवळजवळ महिन्याचा खर्च. त्याने विचारलं, “काका, मोठं कार्ड घेऊ का?”

घरोघरी असा प्रश्न पडतो, म्हणून या वेळचा अख्खा लेख यावरच.

पोळ्यांचा हिशेब

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. सेकंदाला किती चित्रं तयार होतात त्याला एफपीएस म्हणतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रं चालणार असतील तर ३३.३.

प्रत्येक चित्रामागे दोन कारागीर असतात. पहिला प्रोसेसर. कोण कुठे उभा आहे, कुणाचा बाण कुणाला लागला, कुणाची किती ताकद उरली, हा सगळा हिशेब तो करतो आणि “आता हे काढ” असं कार्डाला सांगतो. दुसरं ग्राफिक्स कार्ड, जे ते चित्र प्रत्यक्ष रंगवतं.

हे अगदी पोळ्या करण्यासारखं आहे. एकाने लाटायची, दुसऱ्याने भाजायची. लाटणाऱ्याचा हात सावकाश चालत असेल तर तुम्ही शेगडीवर चार तवे ठेवा, नाहीतर हॉटेलातला मोठा तवा आणा, डब्यात पडणाऱ्या पोळ्या तेवढ्याच राहणार. उलट लाटणारी आजी झपाझप लाटतेय आणि तवा एकच, छोटा, तर पोळ्या पोळपाटाशेजारी साचणार. तिथे मोठा तवा खरंच उपयोगी.

आता आकड्यांत बघू. समजा लढाईच्या वेळी एका चित्राचा हिशेब करायला प्रोसेसरला २५ मिलिसेकंद लागतात आणि तेच चित्र रंगवायला कार्डाला ८. दोघं एकाच वेळी काम करतात, म्हणजे कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राचा हिशेब मांडतो. तरी नवं चित्र दर २५ मिलिसेकंदांनीच मिळणार, म्हणजे सेकंदाला ४०. आता दुप्पट वेगाचं कार्ड लावा. रंगवायला ८ ऐवजी ४ लागतील. चित्रं मात्र ४०च! कार्ड आधी २५ पैकी १७ मिलिसेकंद रिकामं बसायचं, आता २१ बसेल. म्हणून कार्डाच्या किमतीकडे बघण्याआधी एवढंच शोधायचं, की कोण काम करतोय आणि कोण वाट बघतोय.

जुन्या गेम्समध्ये हे जास्त का होतं?

कारण ते ज्या काळात लिहिले गेले त्या काळात प्रोसेसर एकट्याने वेगवान होत चालले होते. दरवर्षी गिगाहर्ट्झ वाढायचे. पण उष्णता आवरेना, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला. २००५ पासून घरगुती कॉम्प्युटरमध्ये दोन कोअर्सचे प्रोसेसर आले, पुढे चार, आठ. म्हणजे एका लाटणाऱ्याचा हात वाढवायचा सोडून लाटणारेच वाढवले. पण जुन्या गेमची रचना एकाच लाटणाऱ्याला धरून केलेली. बाकीचे सात जण ओट्याला टेकून गप्पा मारत उभे.

डोटा २ जुलै २०१३ मध्ये अधिकृतपणे आला आणि २०१५ मध्ये व्हॉल्व्हने तो ‘सोर्स २’ या नव्या इंजिनावर नेला. त्यानंतर काम जास्त कोअर्समध्ये वाटलं जाऊ लागलं. तरी दहा खेळाडू, त्यांची प्यादी, मंत्र आणि बाण एकाच चौकात भिडले की एकामागून एक करायचा हिशेब वाढतोच. म्हणून आपल्या मित्राचा गेम एकटा फिरताना लोण्यासारखा चालतो आणि लढाईत अडतो.

यात एक फसगत असते. आठ कोअर्सच्या प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण दमला तरी टास्क मॅनेजर एकूण वापर साधारण १२-१३ टक्केच दाखवतो. ते बघून मुलं म्हणतात, “प्रोसेसर तर रिकामा आहे, म्हणजे कार्डच कमजोर!” म्हणून एकूण टक्क्यांवर विसंबू नका.

आधी फुकटच्या तीन गोष्टी

तपासणी सुरू करण्याआधी या तीन गोष्टी बघून घ्या. यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, मॉनिटरची केबल. डेस्कटॉपच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डची सॉकेटं असतात आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाची. केबल वरच्या सॉकेटात राहिली तर नवं कार्ड नुसतं शोभेचं. हसू नका, हे नेहमी घडतं.

दुसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमधलंच, वीज वाचवणारं, आणि दुसरं स्वतंत्र, ताकदीचं. जुना गेम ओळखता आला नाही तर विंडोज त्याला वीज वाचवणाऱ्यावर चालवतं. सेटिंग्ज, मग सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा. तिथे गेमची फाइल निवडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ करा. गेम बंद करून पुन्हा सुरू करा. आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच खेळा. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप वेग मुद्दाम खाली ठेवतात, काही तर गेम ३० चित्रांवर बांधून टाकतात.

तिसरी, गेमने किंवा ड्रायव्हरने घातलेली मर्यादा. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘व्ही-सिंक’ चालू असेल तर चित्रांचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधला जातो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० पेक्षा जास्त मिळणारच नाहीत. काही जुन्या गेम्समध्ये तर ६० जमले नाहीत की तो थेट ३० वर उतरतो. एफपीएसचा आकडा अगदी ३० किंवा ६० वरच खिळलेला दिसला तर समजा की कुणीतरी लगाम घातलाय. जुना काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणाऱ्यांनी आणखी एक बघावं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सॉफ्टवेअर’ असा पर्याय आहे. तो निवडला तर सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो आणि कार्ड हात बांधून बसतं. ‘ओपनजीएल’ निवडा.

खरी परीक्षा : दोन खुणा

आता मुद्द्याचं. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘इन-गेम’ या भागात एफपीएसचा आकडा पडद्यावर दाखवायची सोय आहे, ती चालू करा. टास्क मॅनेजर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडतो. ‘परफॉर्मन्स’ मध्ये जीपीयूचा आलेख उघडा ठेवा आणि खेळा. लढाई संपताच बाहेर येऊन बघा. आलेख मागच्या ६० सेकंदांचा असतो, त्यामुळे लढाईत काय झालं ते त्यावर उरलेलं असतं.

पहिली खूण हीच. लढाईत एफपीएस कोसळला तेव्हा कार्डाचा आलेख वर गेला की खाली आला? ९५-१०० टक्क्यांना टेकला असेल तर कार्ड दमतंय. एफपीएसबरोबर आलेखही खाली आला असेल तर कार्ड वाट बघतंय आणि दमणारा दुसराच आहे.

दुसरी खूण याहून पक्की. रंगवायचं काम मुद्दाम कमी करून बघायचं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवावे लागतात, १२८० बाय ७२० वर ९ लाख २१ हजार ६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. डोटात ‘गेम स्क्रीन रेंडर क्वालिटी’ नावाची सरकपट्टी आहे, ती खाली ओढली की हेच होतं. आता तशाच लढाईत उतरा. एफपीएस भरभक्कम वाढला तर अडचण कार्डाची होती. चित्र धुरकट झालं पण आकडा तिथेच राहिला, तर कार्ड निर्दोष आहे. त्याच्यावर एक रुपयाही आणखी घालू नका.

आपल्या मित्राला मी एवढंच करायला सांगितलं. मुदतीचे चार दिवस उरले होते. त्याने त्याच रात्री मामेभावाला बोलावून दोन डाव खेळून पाहिले. लढाई पेटली की कार्डाचा आलेख तिसेक टक्क्यांवर उतरत होता. सरकपट्टी खाली ओढून काही फरक नाही. वरच्या उदाहरणातल्या २५ आणि ८ च्या हिशेबासारखंच, तवा तापून बसलाय आणि पोळी येत नाहीये. नऊ हजार वाचले.

मग लाटणाऱ्याला मदत कशी करायची?

प्रोसेसर अडतोय म्हटल्यावर लगेच नवा प्रोसेसर घ्यायला धावू नका. तो बदलला की बहुतेक वेळा मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. त्याआधी पुढचं करून बघा.

रॅम बघा. टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर किती खाचा वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. तिथे ‘दोनपैकी एक’ असं दिसलं तर तुमच्याकडे एकच पट्टी आहे. प्रोसेसरला सामान दोन दारांनी मिळू शकत असताना एकच दार उघडं आहे. ८ जीबीच्या एका पट्टीशेजारी तशीच दुसरी बसवली की दुसरं दार उघडतं. स्वतंत्र कार्ड नसलेल्या मशिनवर तर हा फरक फार जाणवतो, कारण तिथे चित्र रंगवणाराही त्याच रॅमवर जगतो. त्याच पानावर रॅमचा वेग दिसतो. पट्टीवर ३२०० छापलंय आणि इथे २१३३ दिसतंय असं असेल, तर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘एक्सएमपी’ चालू करता येतं का ते जाणकाराला विचारा.

मागे काय चालू आहे ते बघा. क्लासचं रेकॉर्डिंग, ब्राउझरचे वीस टॅब, अँटिव्हायरसची तपासणी, आणि त्याच वेळी कुठल्यातरी दुसऱ्या गेमचं डाउनलोड. हे सगळे त्याच पोळपाटावर हक्क सांगतात.

‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. टीम फोर्ट्रेस २ सारख्या व्हॉल्व्हच्या जुन्या गेम्समध्ये ‘मल्टिकोअर रेंडरिंग’ चालू आहे ना ते पाहा. तिथे ओट्याला टेकलेल्या लाटणाऱ्यांना कामाला लावायचं तेच बटण आहे.

गेममधल्या कुठल्या गोष्टी प्रोसेसरला जड जातात ते ओळखा. सावल्या, एकाच वेळी दिसणारी माणसं आणि प्राणी, आणि लांबवर किती दिसावं, या तीन गोष्टी कमी केल्या तर प्रोसेसरचा भार हलका होतो. टेक्स्चरचा दर्जा आणि रिझोल्युशन ही कामं मात्र कार्डाची. कार्ड रिकामं बसलंय हे एकदा कळलं, की ती वाढवून घ्या. वेग कमी होणार नाही आणि चित्र छान दिसेल. पुष्कळ मुलं सगळंच ‘लो’ करून टाकतात आणि धुरकट चित्रातही तितकंच अडखळतात.

शेवटी, एफपीएसला थोडं खालीच बांधा. एकदा ९० आणि एकदा ४० असा हेलकावे खाणारा गेम डोळ्यांना जास्त खुपतो. सतत ५५ मिळणारा खेळायला बरा वाटतो.

भंवरकुआंच्या मित्राने रॅमची दुसरी पट्टी बसवली, सावल्या बंद केल्या आणि खेळताना ब्राउझर मिटून ठेवायला लागला. लढाईत ६० मिळत नाहीत, पण ५० च्या खाली येत नाही. पुढच्या रविवारी ते जिंकले की नाही ते त्याने कळवलेलं नाही, म्हणजे काय समजायचं ते समजा!

मे महिना आणि धूळ

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद खोली, पलंगावर गादीत रुतलेला लॅपटॉप आणि वर्षानुवर्षं न उघडलेला डबा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही फार तापले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. लॅपटॉपचे बरेच प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास हे करू लागतात.

याची खूण वेगळी असते. गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग हळूहळू मंदावतो, लढाई असो नसो. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा छान. स्वतंत्र कार्डाचं तापमान टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर दिसतं.

असं असेल तर मशिन साफ करा. डेस्कटॉप बंद करून, प्लग काढून, बाहेर गच्चीत किंवा बाल्कनीत न्या आणि ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते हवेने गरगरा फिरू देऊ नका. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या कॉम्प्युटरच्या बाजारात साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट करून मिळते. काम करायला देण्याआधी खर्च विचारा आणि तुमच्यासमोर उघडायला सांगा.

जुनी भाषा, नवं कार्ड

कधीकधी मात्र प्रोसेसरही ठीक असतो, कार्डही ठीक असतं, आणि तरी गेम रडतो. तेव्हा दोघांमधला दुभाषा अडलेला असतो. गेम कार्डाशी थेट बोलत नाही. मध्ये डायरेक्टएक्ससारखी भाषा आणि कार्डाचा ड्रायव्हर असतो. जुने गेम डायरेक्टएक्स ९ मध्ये बोलतात, आणि ती २००२ ची भाषा आहे.

याचं गाजलेलं उदाहरण ऑक्टोबर २०२२ मधलं. इंटेलने ‘आर्क ए७७०’ आणि ‘ए७५०’ ही मोठी कार्डं आणली. नव्या गेम्समध्ये ती चांगली चालली, पण २०१२ च्या काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हसारख्या जुन्या गेममध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी मागे पडली. ताकद कमी नव्हती. या कार्डांना डायरेक्टएक्स ९ थेट कळतच नव्हती, तिचं भाषांतर डायरेक्टएक्स १२ मध्ये करून मग काम चाले, आणि त्यात वेळ जाई. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलने दुभाषा सुधारला आणि नवा ड्रायव्हर दिला. तेच कार्ड, तोच गेम, आणि वेग झपाट्याने वाढला.

गेम बनवणारेही कधीकधी हे काम करतात. गिल्ड वॉर्स २ हा २०१२ चा ऑनलाइन गेम. गर्दीच्या लढायांत चांगली कार्डंही त्यात रिकामी बसायची. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी डायरेक्टएक्स ११ चा पर्याय चाचणीसाठी खुला केला, आणि अनेकांना काहीही विकत न घेता वेग मिळाला. २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ ला तर एप्रिल २०२४ मध्ये, सतराव्या वर्षी, ६४-बिटची आवृत्ती मिळाली.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टएक्सची नवी आवृत्ती किंवा ‘व्हल्कन’ निवडता येत असेल तर निवडून पाहा. आणि इंटरनेटवर सापडलेली “वेग वाढवणारी” फाइल ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. फसवेगिरी पकडणारी यंत्रणा ती फाइल संशयास्पद मानू शकते आणि वर्षानुवर्षं जपलेलं खातं जाऊ शकतं.

गेम अडतोय की नेट?

याचा गोंधळ फार होतो. माउस हलवल्यावर तुमचं स्वतःचं चित्रच अडखळत असेल तर दोष मशिनचा. चित्र गुळगुळीत चाललंय, पण बाकीचे खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे टुणकन उडी मारतात, किंवा तुम्ही दिलेली आज्ञा उशिरा पोचते, तर दोष नेटचा. त्याचा आकडा वेगळा, त्याला पिंग म्हणतात.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई सहाशे किलोमीटर धरले तर एका बाजूला तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे सर्व्हर मुंबईत असेल आणि तरी पिंग दीडशे दाखवत असेल, तर वेळ अंतरामुळे जात नाही. तो जातो वाटेत, आणि बऱ्याचदा तुमच्याच हॉस्टेलच्या वायफायवर, जिथे रात्री नऊला सगळे मजले व्हिडिओ बघत असतात. राउटरपासून केबल ओढता आली तर ओढा. गेममध्ये ‘इंडिया’ सर्व्हर निवडलेला आहे ना ते पाहा. या दुखण्याला कुठलंही कार्ड औषध नाही.

घरच्या मोठ्यांसाठी दोन शब्द

मुलगा म्हणतो, “बाबा, ग्राफिक्स कार्ड हवंय.” आपण एक तर ओरडतो, नाहीतर पैसे देऊन मोकळे होतो. त्याऐवजी त्याला विचारा, “कुठे अडतंय, ते मोजून दाखव.” पडद्यावरचा आकडा, लढाईतला आलेख आणि सरकपट्टी खाली ओढल्यावर काय झालं, एवढं त्याने कागदावर लिहून आणावं. कार्डच दमतंय असं दिसलं तर आनंदाने घेऊन द्या, पैसा सत्कारणी लागेल. लॅपटॉप असेल तर मात्र आणखी सावध राहा. जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांत ग्राफिक्सची चिप बोर्डावरच जोडलेली असते. तिथे “कार्ड बदलू” याचा अर्थ “लॅपटॉप बदलू” असा होतो.

आणि तरुण मंडळींनो, ही मोजायची सवय गेमपुरती ठेवू नका. व्हिडिओ एडिट करताना, कॉलेजच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर चालवताना, ऑफिसच्या मशिनवर, सगळीकडे हाच हिशेब लागू आहे. कोण राबतोय, कोण वाट बघतोय, हे आधी बघा. राबणाऱ्याला मदत केली की घर चालतं, हे आपल्या स्वयंपाकघरात तर आजीपासून सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या महिन्यात बघू, जुन्या फोनमधले घरचे फोटो नीट, तारखेसकट, कसे जपून ठेवायचे. तुमच्याकडेही असा अडलेला प्रश्न असेल तर जरूर पाठवा. नुसतं “स्लो चालतं” असं लिहू नका, मोजलेला आकडाही लिहा!